चिठ्ठी दिल्यानंतरचं काम

प्रश्न एका तरुण बालरोगतज्ज्ञांचा आहे. त्यांच्या दवाखान्यात येणारी बहुतेक मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली. औषध देऊन पाठवलेलं मूल पंधरा दिवसांत तेच दुखणं घेऊन परत येतं. खोदून विचारलं की कळतं, घरात ओल आहे, वडिलांचं काम सुटलंय, महिनाअखेरीला जेवणाची ओढाताण होते. आता प्रत्येक पालकाला एक छापील प्रश्नावली द्यायची आणि मदत करणाऱ्या संस्थांची व सरकारी योजनांची यादी हातात ठेवायची, असं त्यांनी ठरवलंय. ‘एवढं पुरेल का? आणि सुरुवात कुठून करू?’ असं त्यांनी विचारलंय.

डॉक्टर, मी बावीस वर्षं रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करते आहे. तुमच्या मनात हा प्रश्न आला याचंच मला फार बरं वाटलं. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते: यादी पुरणार नाही. मी स्वतः पहिली काही वर्षं याद्याच वाटल्या, म्हणून सांगते.

तेव्हाची एक आई अजून डोळ्यांसमोर आहे. मुलाला दमा, वर्षात चौथ्यांदा दाखल केलेलं. मी तिला माझी यादी दिली, तीन फोन नंबरांखाली पेनाने रेघा मारल्या आणि केसपेपरवर लिहिलं, ‘मार्गदर्शन केले.’ दोन महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा तिने पिशवीतून तोच कागद काढला. चार घड्या घातलेला, घड्यांवर विरलेला. पहिला नंबर बंद होता. दुसऱ्या ठिकाणी पत्त्याचा पुरावा मागितला आणि भाड्याच्या खोलीचा एकही कागद तिच्या नावावर नव्हता. तिसरी संस्था फक्त विधवांसाठी काम करणारी निघाली. या हेलपाट्यांत तिचे दोन दिवसांचे पैसे बुडाले होते. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? ती म्हणाली, ‘तुम्ही एवढ्या आपुलकीनं लिहून दिलं होतं, तुम्हाला वाईट वाटलं असतं.’

त्या दिवशी मला कळलं की माझ्या नोंदवहीतलं ‘मार्गदर्शन केले’ हे वाक्य माझ्यासाठी पूर्ण झालं होतं. तिच्यासाठी तिथून पुढेच सगळं काम सुरू झालं होतं, आणि त्यात ती एकटी होती.

हा एकट्या माझा अनुभव नाही. बोस्टनमधल्या आठ आरोग्य केंद्रांत झालेला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. लहान बाळांच्या आयांना तपासणीच्या वेळी घरच्या अडचणींची छोटी प्रश्नावली द्यायची आणि गरज असेल तिथे संस्थांची माहिती द्यायची, अशी पद्धत अर्ध्या केंद्रांत सुरू केली. बाकीच्या केंद्रांत नेहमीसारखं काम चालू ठेवलं. प्रश्नावली असलेल्या केंद्रांत 70 टक्के आयांना त्याच भेटीत कुठे ना कुठे पाठवलं गेलं, इतर केंद्रांत 8 टक्के. फरक प्रचंड आहे. पण वर्षभराने प्रत्यक्ष एखाद्या नव्या मदतीत नाव लागलेल्या आया किती, तर 39 टक्के आणि 24 टक्के. म्हणजे विचारल्याने फायदा नक्की झाला, तो मी कमी लेखत नाही. पण चिठ्ठी मिळणं आणि मदत मिळणं यांमधली दरीही याच आकड्यांत दिसते. तुमचा दवाखाना या दरीत किती खोल उतरायला तयार आहे, यावर तुमच्या उपक्रमाचं सगळं अवलंबून राहील.

ही दरी जुनी आहे. 1905 साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी बाह्यरुग्ण विभागात समाजसेविका नेमली. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये 1895 पासूनच अशी एक नेमणूक होती. कॅबट यांचं दुखणं तुमच्यासारखंच होतं. विश्रांती घ्या, चांगलं खा, हवापालट करा, असा सल्ला ते ज्यांना देत होते त्यांना यातलं काहीच परवडणारं नव्हतं. घरची परिस्थिती कळल्याशिवाय आपलं निदानच अर्धवट राहतं, असं त्यांना वाटू लागलं. ‘निदान’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. गरिबीबद्दल विचारणं हा दानधर्माचा भाग समजू नका. नाडी पाहण्याइतकाच तो तपासणीचा भाग आहे.

आणि उपचाराचाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात माउंड बायू नावाचं छोटं गाव आहे. तिथे 1960च्या दशकात डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्य केंद्र सुरू केलं. गायगर विद्यार्थी असताना दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याचं केंद्र पाहून आले होते. गावाच्या पाण्यापासून भाजीच्या वाफ्यांपर्यंत सगळं आरोग्याचंच काम मानायचं, हे त्यांनी तिथे पाहिलं. माउंड बायूच्या केंद्रात कुपोषित मुलं यायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून द्यायला सुरुवात केली. गावातल्या किराणा दुकानांनी त्या चिठ्ठ्यांवर माल द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यातून भागवायचं. पैसे देणाऱ्या सरकारी खात्याने आक्षेप घेतला, तेव्हा गायगर यांचं उत्तर साधं होतं: कुपोषणावरचं नेमकं औषध अन्नच आहे. पुढे तिथल्या कुटुंबांनी सहकारी शेती उभी केली. या गोष्टीतली माझ्या कामाची बाब वेगळीच आहे. ती चिठ्ठी दुकानात *चालत* होती. आई ती घेऊन गेली की समोरून सामान मिळायचं, मध्ये दुसरी खिडकी नव्हती.

आता तुमच्या प्रश्नावलीकडे वळते.

लहान ठेवा. भुकेसाठी दोन प्रश्नांची एक पद्धत 2010 पासून वापरात आहे. गेल्या बारा महिन्यांत, हातात पुन्हा पैसे यायच्या आधी घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का? आणि आणलेलं अन्न पुरलं नाही, पण आणखी घ्यायला पैसे नव्हते, असं झालं का? दोन्हींना ‘बऱ्याचदा’, ‘कधीकधी’, ‘कधीच नाही’ अशी उत्तरं. एका प्रश्नाला जरी ‘कधीकधी’ आलं तरी ते घर अडचणीत आहे असं धरायचं. ‘तुम्ही उपाशी राहता का?’ याला कोणताही स्वाभिमानी बाप ‘नाही’च म्हणेल. काळजी वाटली का, याला तो खरं उत्तर देतो. असेच एकेक-दोनदोन प्रश्न घर, वीज, काम आणि घरातली मारहाण यांबद्दल ठेवा. मारहाणीचा प्रश्न मात्र कागदावर नको. तो एकांतात, तोंडी, आणि नवरा किंवा सासरचं कुणी सोबत नसताना विचारायचा. तो कागद घरी कुणाच्या हातात पडला, तर आपण त्या बाईला जास्त मोठ्या धोक्यात टाकलेलं असतं.

प्रत्येकाला विचारा. कपडे पाहून, चेहरा पाहून निवडू नका. ‘आम्ही इथे सगळ्यांनाच विचारतो’ हे वाक्य तोंडात बसू द्या, कारण त्याने समोरच्या माणसाची मान खाली जात नाही. मी एकदा नीटनेटके कपडे पाहून एका बाईला विचारलंच नव्हतं. दोन महिने त्या घरात वीज नव्हती.

अडचण आहे का, आणि मदत हवी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हे समजायला मला बरीच वर्षं लागली. पुष्कळ लोक पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नको’ म्हणतात. कधी भाऊ मदत करतो आहे म्हणून, कधी मागच्या वेळी झालेला अपमान आठवतो म्हणून. आणि पुष्कळदा भीतीपोटी. घरात खायला नाही असं लिहून दिलं तर मूल काढून घेतील, घरमालकाला कळेल, आपले कागद अपुरे आहेत हे कुणाच्या तरी नजरेत येईल, या भीती खोट्या नाहीत. म्हणून ही माहिती कोण वाचणार, कुठे राहणार आणि कुणाला दिली जाणार नाही, हे विचारण्याआधीच सांगा. तुम्ही स्वतः पाळू शकाल तेवढंच सांगा. ‘नको’ म्हणणाऱ्याला ‘बरं, पुढे कधी वाटलं तर सांगा’ म्हणून खरोखर सोडून द्या. कागदावर सगळीकडे ‘नाही’ लिहिलेली माणसं तपासणी संपल्यावर, चपला घालता घालता विचारतात, ‘ते मघाशी तुम्ही विचारत होतात, ते कशासाठी हो?’ त्या क्षणी तिथे कुणीतरी मोकळं असायला हवं.

इथेच माणसाचा प्रश्न येतो. माझ्या मते तुमचा पहिला पैसा छपाईवर जाऊ नये, माणसावर जावा. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड इथे 1,809 कुटुंबांवर झालेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांना मदतीच्या ठिकाणांची छापील माहिती दिली. बाकीच्यांना एक प्रशिक्षित माणूस दिला, जो समोर बसून त्यांच्यासोबत मार्ग काढेल आणि पुढेही संपर्कात राहील. चार महिन्यांनी माणूस मिळालेल्या कुटुंबांच्या अडचणी जास्त कमी झाल्या होत्या, आणि आईवडिलांच्या सांगण्यानुसार मुलांची तब्येतही जास्त सुधारली होती. इतके दिवस मी जे पोटतिडकीने सांगत होते, ते या अभ्यासाने मोजून दाखवलं.

हा माणूस पदवीधर समाजसेवकच असावा असं नाही. 1996 साली रिबेका ओनी नावाच्या विद्यार्थिनीने डॉ. बॅरी झुकरमन यांच्यासोबत बोस्टनमध्ये कॉलेजच्या स्वयंसेवकांना रुग्णालयात टेबल टाकून बसवलं. डॉक्टर अन्न, घर, वीज यांसाठी चिठ्ठी लिहीत आणि मुलं ती चिठ्ठी घेऊन फोनाफोनी करत. तुमच्या भागातलीच, अशा खिडक्यांसमोर स्वतः उभी राहिलेली एखादी बाई या कामाला फार चांगली. तिला कुठल्या कचेरीत दुपारनंतर गर्दी कमी असते हे माहीत असतं. फक्त तिला पगार द्या आणि वर एक अनुभवी माणूस ठेवा. मारहाण, आत्महत्येचे विचार, मुलाकडे होणारं दुर्लक्ष अशा गोष्टी तिने एकटीने पेलायच्या नाहीत.

तिने काय करायचं? फोन तिथेच, कुटुंबासमोर, दवाखान्यातून लावायचा. पलीकडच्या माणसाचं नाव विचारून घ्यायचं. कोणती कागदपत्रं लागतील ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं आणि एकेक पिशवीत आहे का ते पाहायचं. अर्ज शक्यतो तिथेच भरायचा. मग दोन आठवड्यांनी तिनेच फोन करायचा, कुटुंबाने करायची वाट पाहायची नाही. त्या आईने मला कळवलं नव्हतं, कारण तिला माझं मन राखायचं होतं. पाठपुरावा आपण केला तर मन राखायचं ओझं त्यांच्यावर राहत नाही. अर्ज फेटाळला गेला असेल तर तो का, हे लेखी मागायचं. पुष्कळदा एखाद्या स्पेलिंगमुळे किंवा कमी पडलेल्या एका सहीमुळे तो परत आलेला असतो, आणि कुटुंबाने मात्र ‘आपल्याला बसत नाही’ असं मनात धरून सोडून दिलेलं असतं.

नोंदवहीत माझ्याकडे आता चार रकाने असतात: विचारलं, पाठवलं, पोचले, मिळालं. विश्वस्तांना आणि पैसे देणाऱ्यांना पहिल्या दोन रकान्यांतले मोठे आकडे आवडतात. तुम्ही चौथ्याकडे बघा. तो सुरुवातीला इतका लहान असतो की मन खचतं. पण ‘पाठवलं’ आणि ‘पोचले’ यांमध्ये माणसं गळत असतील तर प्रवास, वेळ किंवा भीती आडवी येते आहे. ‘पोचले’ आणि ‘मिळालं’ यांमध्ये गळत असतील तर कागदपत्रं किंवा ती संस्थाच. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि रकाने वेगळे नसतील तर ते दिसणारच नाहीत. संस्थांची यादीही यातूनच जिवंत राहते. लागोपाठ तीन कुटुंबं रिकाम्या हाताने परत आली, तर त्या संस्थेला फोन करायचा आणि तरीही जमत नसेल तर नाव काढून टाकायचं. पन्नास नावांच्या यादीपेक्षा दर महिन्याला फोन करून तपासलेली आठ नावं बरी.

डॉक्टर म्हणून तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी माझ्या हातात नाही: तुमच्या सहीचं पत्र. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. बहुतेक डॉक्टर लिहितात, ‘या मुलाला दमा आहे. कृपया योग्य ती मदत करावी.’ अशा पत्राने काहीही हलत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘या मुलाला गेल्या सहा महिन्यांत श्वास लागल्यामुळे तीन वेळा दाखल करावं लागलं. झोपायच्या खोलीच्या भिंतीवर ओल आणि काळी बुरशी असल्याचं पालकांनी फोटोत दाखवलं. ओल आणि बुरशीने दमा बळावतो. औषधं नियमित चालू असूनही त्रास थांबलेला नाही. ओलीची दुरुस्ती होणं हा या मुलाच्या उपचाराचा आवश्यक भाग आहे.’ खाली तारीख, सही, शिक्का. कारकुनाच्या टेबलावर हे पत्र आलं की त्याला नाही म्हणायलाही काहीतरी लिहावं लागतं. डॉ. झुकरमन यांनी 1993 साली बालरोग विभागात डॉक्टरांच्या जोडीला वकील आणले, ते अशाच घरांसाठी. घरमालक डॉक्टरांचं ऐकत नव्हते, कायद्याचं ऐकायला लागले. आठवड्यातून दोन तास देणारा एखादा वकील तुम्हाला मिळाला तर सोडू नका. भाडं, बेकायदा घर खाली करवणं, अडवून ठेवलेलं वेतन यांत माझ्या वीस फोनांनी न होणारं काम त्याच्या एका नोटिशीने झालेलं मी पाहिलं आहे.

आता एक कडू गोष्ट, कारण ती आधीच माहीत असलेली बरी. अमेरिकेतल्या कॅम्डेन शहरात वारंवार दाखल होणाऱ्या, अनेक आजार आणि अडचणी असलेल्या रुग्णांसाठी एक पथक काम करत होतं: घरी भेटी, डॉक्टरांच्या वेळा ठरवणं, मदतीशी जोडून देणं. त्याची फार वाहवा झाली होती. मग 800 रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून दोन गट करून नीट चाचणी झाली आणि निकाल 2020 साली आला. सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण पथकाच्या गटात 62.3 टक्के, दुसऱ्या गटात 61.7 टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. मला ते वाचून रडू आलं होतं, कारण अशी पथकं किती जीव ओतून काम करतात ते मला माहीत आहे. पण नंतर विचार केला, की जोडून द्यायला पलीकडे काही असावं लागतं. घरं नसतील, व्यसनमुक्तीच्या जागा नसतील, तर कितीही चांगला माणूस कुटुंबाला रांगेच्या शेवटाला नेऊनच उभा करणार.

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरच्या दहा हजारांहून अधिक माणसांवर एक चाचणी झाली, ती 2023 साली प्रसिद्ध झाली. अर्ध्या घरांत रुग्णासोबत घरच्या सगळ्यांनाच महिन्याचा शिधा थेट देण्यात आला. बाकीच्या घरांत तो फक्त रुग्णाला दिला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी राहिलं. इथे कुणी कुणाला कुठे पाठवलं नव्हतं, अन्नच घरी पोचलं होतं. म्हणून तुमच्या विश्वस्तांना ‘या उपक्रमाने रुग्णालयाचा खर्च वाचेल’ असं वचन देऊ नका. अमुक इतक्या घरांत अन्न पोचेल, इतक्या खोल्यांची ओल जाईल, असं वचन द्या. आणि जिथे शक्य असेल तिथे मदत दवाखान्यातच आणा: कोरड्या शिध्याचं कपाट, अर्ज भरून घेणारा सरकारी कर्मचारी आठवड्यातून एक दिवस, लहान मुलांचे कपडे. जितकी कमी ठिकाणं, तितकी कमी गळती.

संगणक आणि ॲपबद्दल फार काही लिहीत नाही. पहिलं वर्ष वही पुरते.

सुरुवातीचं विचारलंत, तर मी असं करेन. पहिला महिना कुणालाही काही विचारू नका. त्या महिन्यात तुम्ही आणि तुमची माणसं, यादीत घालायच्या प्रत्येक ठिकाणी स्वतः जा, रांगेत उभे राहा, कोण बसतं, काय मागतात, किती वेळ लागतो ते पाहा. अन्न, घर आणि उत्पन्न यांपैकी एकच विषय निवडा, ज्याला तुमच्या भागात खरोखर उत्तर आहे. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातला एकच दिवस, आणि त्या दिवशी येणाऱ्या सगळ्यांना विचारा. यातून दहा कुटुंबं हाती आली तरी खूप झाली. त्या दहांच्या मागे लागा, ज्याला जे हवं ते हातात पडेपर्यंत किंवा पडणार नाही हे पक्कं कळेपर्यंत. ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना स्वतः फोन करून तसं सांगा, आणि मुलाच्या पुढच्या तपासणीची तारीखही द्या, म्हणजे मदत झाली नाही तरी दवाखाना आपला आहे हे त्यांना कळेल. त्यानंतर चौथ्या रकान्यात किती नावं आली आणि बाकीची कुठे अडकली ते मला लिहून कळवा. तिथून पुढचं आपण बोलू.